बुधवारचा वर्ग

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी कल्याण अधिकारी म्हणून लागले, तेव्हा मी पंचविशीच्या आत होते. साल सत्त्याऐंशी असावं. सुताला आणि कापडाला लागणारा रंग तिथे तयार व्हायचा. समाजकार्याची पदवी घेऊन मी धुळ्याहून आले होते. कल्याण अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं, हे मला नीट माहीत नव्हतं आणि मला नेमणाऱ्यांनाही नव्हतं. रजेचे अर्ज, कँटीनच्या चहाच्या तक्रारी, पाळणाघराची चावी, असली कामं माझ्याकडे आली. ऑफिसच्या मागे एक लहान खोली मिळाली होती. टेबलावर रोज सकाळी लाल पुडीचा पातळ थर असायचा. पुसला तरी दुपारपर्यंत परत बसायचा. माझ्या पांढऱ्या साड्या महिनाभरात गुलाबी झाल्या, तेव्हापासून मी पांढरं नेसणं सोडलं.

भोपाळची दुर्घटना होऊन काही वर्षं झाली होती. कायदे कडक झाले होते, तपासनीस येऊन कागद मागायला लागले होते. कामगारांना प्रशिक्षण देता का, असं त्यांनी विचारलं असणार. एक दिवस मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, एक पुस्तिका पुढे ठेवली आणि म्हणाले, "दर बुधवारी पाळी सुटली की अर्धा तास वर्ग घ्या. पाणी कसं वाचवायचं, सांडलवंड कशी टाळायची, परिसर कसा स्वच्छ ठेवायचा. मुख्य म्हणजे हजेरीच्या वहीत सह्या घ्या. अंगठे चालतील."

माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तसं वाटेल. माझ्याशी ते कायम अहो-जाहोने बोलले. माझी आई आजारी पडली तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून बसस्टँडवर सोडलं होतं.

पहिल्या वर्गाला चाळीसेक माणसं होती, त्यांत निम्म्या बायका. बायका ठेकेदाराकडच्या. रंगाच्या पुडीची रिकामी पोती आणि पिंपं धुवायची, फरशी धुवायची, हे त्यांचं काम. कोपरापर्यंत हात पिवळे, नखांच्या कडा लाल. पाळी सुटल्यावर घरी जाऊन त्यांना भाकरी थापायच्या होत्या, आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पर्यावरण' असं लिहून त्याची व्याख्या सांगत होते. पुस्तिकेतली वाक्यं मी आदल्या दिवशी पाठ केली होती. पुरुष खिडकीबाहेर बघत होते. दोन बायका चक्क डुलक्या घेत होत्या.

शेवटी मी शाळेतल्या बाईसारखं विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरून एक आवाज आला. "बाई, आम्ही पोतं धुतस, ते पाणी मंग कोठे जास?"

बोलणारी पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई होती. तिला सगळे अक्का म्हणत.

"नाल्यात," मी म्हणाले.

"आनि नाला कोठे जास?"

मला माहीत नव्हतं. मी पुस्तिकेची पानं उलटल्यासारखं केलं. सगळे हसले. अक्का मात्र हसली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. शेवटी मी म्हणाले, "मला ठाऊक नाही, अक्का."

"मंग सुट्टीना दिन चाल मनासंगे. दखाडस तुले."

मी सुट्टीच्या दिवशी गेले. का गेले, ते सांगता येत नाही. कदाचित माझं हसं झालं होतं म्हणून. कदाचित तिच्या बोलण्यामुळेही. ती जे बोलली ते माझ्या आईचं बोलणं होतं. आमचं घर धुळ्यात देवपूरला, वडील शिक्षक. घरात 'शुद्ध' बोलायचं, असा त्यांचा दंडक. आई फक्त तिच्या बहिणी आल्या की स्वयंपाकघरात अहिराणी बोलायची, आणि वडील बाहेरून आले की दोन वाक्यांच्या मधेच भाषा बदलायची. अक्काचं माहेर साक्रीकडचं. लग्न होऊन ती या बाजूला आली होती. इथल्या बोलीला वेगळा हेल आहे, पण अक्काने आपलं बोलणं बदललं नव्हतं. मी धुळ्याची आहे हे कळल्यावर तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "मंग तू तं मनी मायेरनी पोर!"

कारखान्याच्या मागच्या भिंतीपासून आम्ही नाल्याच्या काठाने चालत गेलो. उन्हाळा लागायचा होता. नाल्यात पाण्याची बारीक धार होती, कुठे विटकरी, कुठे हळदीसारखी. बाभळींच्या बुंध्यांवर वीतभर उंचीपर्यंत रंग चढला होता. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. शेळ्या नाल्याजवळ आल्या, नाक लावलं आणि तशाच पुढे निघाल्या. दीड-दोन मैलांवर अक्काचं गाव लागलं. गावाच्या या टोकाला बौद्धवस्ती. नाला वस्तीला वळसा घालून जात होता आणि वस्तीची विहीर नाल्यापासून पंधरा-वीस पावलांवर होती. गावातली दुसरी विहीर वरच्या अंगाला, नाल्यापासून लांब. तिथे कोणी भरायचं आणि कोणी नाही, हे मला सांगायची गरज नव्हती.

"हाई आमनी हीर," अक्का म्हणाली. "पावसाळामा पाणी पिवळं दिखस."

"आणि तुम्ही तेच पिता?"

"मंग काय पेवानं?"

तिने ते रागाने म्हटलं नाही. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. मग घरी नेऊन मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. बरोबर पाण्याचा तांब्या ठेवला. मी पाणी प्यायले. चव नेहमीच्या पाण्यासारखीच होती, निदान मला तशी वाटली.

पुढच्या बुधवारी मी पुस्तिका खोलीतच ठेवली. फळ्यावर कारखान्याची भिंत काढली, तिथून नाला काढला, नाल्यावर वस्ती आणि विहीर. आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर आईच्या भाषेत बोलायला लागले. अडखळत बोलले. बायका हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. त्या दिवशी वर्ग अर्ध्या तासाच्या पुढे गेला आणि कोणी उठलं नाही.

नंतरचं दीड वर्ष हे माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं दीड वर्ष. खरं सांगायचं तर सगळ्या नोकऱ्यांतलं.

अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोत्यात रंग कुठे अडकतो हे तिला केमिस्टपेक्षा जास्त कळत होतं. ती म्हणाली, पोतं थेट पाण्यात बुडवतो म्हणून सगळा रंग नाल्यात जातो. आधी आतल्या आत झटकलं, ब्रशने घासलं, तर मूठ-दोन मुठी पुडी परत मिळते. मग धुतलं तर पाणी नुसतं फिकट येतं. ते फिकट पाणीही वेगळ्या टाकीत साठवलं, पिवळ्याचं पिवळ्यात, लालचं लालमध्ये, तर पुढच्या घाण्याला साध्या पाण्याऐवजी तेच वापरता येईल. केमिस्टने आधी नाक मुरडलं, मग करून बघितलं आणि मान डोलावली. कारखान्यात एक वयस्कर मुसलमान फिटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी जुनी पिंपं कापून पत्र्याचे उथळ ट्रे बनवून दिले, गळणाऱ्या नळांखाली आणि मिक्सरच्या तोंडाखाली ठेवायला. ट्रेच्या कडा त्यांनी हाताने वळवल्या, बायकांच्या हाताला पत्रा कापू नये म्हणून. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू ते अंगवळणी पडलं. नवी बाई कामाला आली की तिला जुन्या बायकाच शिकवायच्या. कोणी नळ चालू ठेवून गप्पा मारत बसली की दुसरी लांबून ओरडायची. पुरुषांच्या विभागातही सांडलेल्या पुडीवर पाण्याचा पाइप सोडायच्या आधी खराटा फिरायला लागला. हे माझ्या वर्गामुळे झालं असं ऑफिसात म्हणत, आणि मी ते ऐकून घ्यायची. ऐकायला आवडायचं. मुख्य कार्यालयातून साहेब आले, त्यांनी टाक्या बघितल्या, आमचा सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत मी मधोमध आहे, अक्का कडेला, आणि कोणीतरी हलल्यामुळे तिचा चेहरा अर्धवट पुसट आला आहे.

त्याच सुमारास कारखान्याच्या आवारात एक मोठा हौद बांधला. धुण्याचं सगळं पाणी त्यात यायचं, रंग खाली बसायचा आणि वरचं पाणी नाल्यात जायचं. तळाचा गाळ काढून, वाळवून, पिंपांत भरून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा, असं ठरलं होतं. पुढे त्याचं काय करायचं, ते मुख्य कार्यालय कळवणार होतं.

एका बुधवारी मी या गाळावर बोलले. या गाळात काय काय असतं, तो पावसात भिजला तर जमिनीत कसा मुरतो, जमिनीतून विहिरीत कसा जातो. मुलंबाळं, जनावरं, सगळं सांगितलं. बोलण्याच्या भरात होते. शेवटी म्हणाले, "हा गाळ या शेडच्या बाहेर उघड्यावर टाकायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

'कुणी सांगितलं तरी' हे पुस्तिकेत नव्हतं. ते माझं होतं. वर्गात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेचं मला बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी शेड पिंपांनी भरून गेली. मुख्य कार्यालयाकडून काही कळवलं गेलं नव्हतं. कामाचा जोर होता, मोठी मागणी आली होती, हौद काठोकाठ होता. एके सकाळी माझ्या खिडकीतून मला शेडजवळ ट्रॅक्टर दिसला. मला वाटलं, माल आला असेल.

थोड्या वेळाने शिपाई धावत आला. "बाई, शेडपाशी चला. साहेबांनी बोलावलंय."

शेडसमोर अक्का जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्यामागे दहा-अकरा बायका उभ्या. ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी. सुपरवायझर लाल झालेला. गाळाची पिंपं ट्रॉलीत चढवा, खदानीत ओतून या, असं त्याने बायकांना सांगितलं होतं. खदान म्हणजे मुरूम काढून पडलेला खड्डा, अक्काच्या वस्तीच्या वरच्या अंगाला. तिथून उतार थेट वस्तीकडे होता.

मॅनेजरसाहेब उन्हात उभे होते. मी आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, या म्हणतात की तुम्ही यांना हे काम करू नका असं सांगितलंय. खरं आहे का?"

अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग ना बाई. कोणी बी सांगं तरी नई, अशे तूच सांगं व्हतं."

तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. हे मला अजून आठवतं. मी आले म्हणजे आता प्रश्न मिटला, असा तो चेहरा होता.

मी म्हणाले, "मी वर्गात सर्वसाधारण माहिती दिली होती, सर. काम कोणतं करायचं ते सुपरवायझरच सांगणार."

शुद्ध मराठीत म्हणाले. वडिलांच्या मराठीत.

अक्काने एकदा डोक्यावरचा पदर सारखा केला. मग सुपरवायझर म्हणाला, "ऐकलं ना? चला, उठा." तरी ती उठली नाही. तिच्यामागच्या काही जणी पुढे झाल्या, पिंपांना हात लावला. तीन बायका तिच्याजवळच थांबल्या.

दुपारी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ठेकेदाराच्या माणसांनी काम अडवलं, याची नोंद ठेवावी लागते. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. प्रशिक्षणात गाळ उचलण्यास नकार द्यावा अशी कोणतीही सूचना दिलेली नव्हती, इतकंच." कप माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "दिवाळीनंतर तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याकडे येणार आहे."

यात धमकी होती असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. नुसती माहितीही असू शकेल. माझ्या घरी कोणी उपाशी नव्हतं. वडिलांचं निवृत्तिवेतन होतं, भाऊ मिळवता होता. नोकरी गेली असती तर मी देवपूरला परत गेले असते, नातेवाइकांनी चार गोष्टी विचारल्या असत्या, स्थळं बघायला सुरुवात झाली असती. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मला शोधूनही सापडलेलं नाही. मी घाबरले. मी कागद ओढला आणि माझ्या वळणदार अक्षरात दोन ओळी लिहून खाली सही केली.

त्या दिवशी ट्रॅक्टरने चार फेऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी अक्काला आणि त्या तिघींना ठेकेदाराने फाटकावरूनच परत पाठवलं. अक्का वाद घालायला लागली, तेव्हा सुपरवायझरने तिला एकटीला बाजूला घेऊन माझा कागद वाचून दाखवला. हे मला चाचांकडून कळलं.

बुधवारी वर्ग झाला. हजेरी पूर्ण होती. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत राहिले. वळले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, पहिल्या वर्गात कोणी बघितलं नव्हतं तसे. सह्या-अंगठे करून सगळे निघून गेले.

महिनाभरात सगळं सुटत गेलं. ते कोणी ठरवून सोडलं नाही. एक बाई पोतं न झटकता टाकीत बुडवताना मी पाहिली. शेजारच्या दोघींनीही पाहिलं. कोणी ओरडलं नाही. लालच्या टाकीत पिवळं पाणी गेलं, घाणा बिघडला, केमिस्टने साठवलेलं पाणी वापरणं बंद केलं. मिक्सरखालचा ट्रे एका कोपऱ्याला फुटून गळायला लागला. मी चाचांना म्हणाले, "चाचा, ट्रे गळतोय."

ते पाना पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "हो बाई. मी बघितला. दुरुस्त करायचं कोणी बोललं नाही."

"मी बोलतेय ना."

"कागद द्या मग," ते म्हणाले. टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही.

अक्काच्या घरी जायला मला दोन महिने लागले. दिवाळी उलटून गेली होती. ती कापूस वेचायला जायला लागली होती, म्हणून मी दिवस मावळायच्या बेताला गेले. ती नुकतीच शेतातून आली होती, ओसरीवर पाय पसरून बसली होती. मला बघून तिने पाय जवळ घेतले.

"ये पोरी, बठ."

मी बसले. येताना मी मनात बरंच जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

तिनेच विचारलं, "तो कागद तूच लिखेल शे का?"

"हो."

"तुना हातनं अक्षर शे?"

"हो, अक्का."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. कापसाच्या बोंडांनी तिच्या बोटांची टोकं फाटली होती, आणि नखांच्या कडांना रंग अजून तसाच होता. मग म्हणाली, "माले एकच सांग. गाळनं तू जे सांगं व्हतं, ते खरं व्हतं का खोटं?"

"खरं होतं."

"मंग आमनी वस्तीमा सांग. मी सांगस तं कोणी ऐकत नई. तू शिकेल शे."

माझ्याकडून तिने मागितलं ते एवढंच. आणि तेही स्वतःसाठी नाही.

तिने शेजारच्या घरांत निरोप दिला. विहाराच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली. मी उभी राहून सांगितलं. खदानीत काय टाकलं आहे, ते कसं मुरतं, या विहिरीचं पाणी पिऊ नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका. अडखळले, पण सगळं सांगितलं. लोकांनी नीट ऐकलं. बायकांनी विचारलं, धुण्याला चालेल का, जनावरांना चालेल का. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं.

मग रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना उभे राहिले. स्वच्छ धोतर, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आलात, फार बरं झालं. आम्ही तहसीलला अर्ज करतो. आमच्या शब्दाला तिथे काही किंमत नाही. हे जे तुम्ही आता बोललात, तेवढंच एका कागदावर लिहून द्याल का?"

अक्का खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती दुसरीकडे बघत होती. मला वाटतं, मला अवघड होऊ नये म्हणून.

"विचार करून सांगते, नाना," मी म्हणाले.

"हो, हो. विचार करा," ते म्हणाले. त्यांना कळलं होतं.

मी परत गेले नाही. लिहूनही दिलं नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. वस्तीतल्या बायका त्यानंतर प्यायचं पाणी लांबच्या एका केळीच्या मळ्यातल्या मोटारीवरून आणायला लागल्या, असं कानावर आलं. म्हणजे माझं सांगणं अगदीच वाया गेलं नाही, असं म्हणता येईल. मी तसं म्हणत असे. डोक्यावर हंडे घेऊन दोन वेळा तेवढं चालणाऱ्या बायका काय म्हणत होत्या, ते मी ऐकायला गेले नाही.

त्या कारखान्यात मी आणखी चार वर्षं काढली. बुधवारचा वर्ग चालू राहिला. दर वर्षी त्याचा अहवाल जायचा, आणि तो चांगला असायचा. मग मी नोकरी सोडून धुळ्याला परत आले, देवपूरच्याच एका शाळेत शिकवायला लागले. मध्यंतरी कारखाना विकला गेल्याचं कळलं, पुढे बंद पडल्याचंही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला धुळ्याच्या बसस्टँडवर चाचा भेटले. मुलीकडे आले होते. दाढी पूर्ण पांढरी. मी कारखान्यातल्या माणसांची चौकशी केली. कोण कुठे गेलं ते सांगता सांगता ते म्हणाले, "अक्का तर गेली, बाई. दोन वर्षं झाली. तुम्हाला माहीत नाही?"

"कशाने?"

"आजारी होती. बरेच दिवस. पोट दुखायचं. कशाने ते डॉक्टरांनी पण नीट सांगितलं नाही."

पोटाच्या दुखण्याचा कारखान्याशी किंवा विहिरीशी काही संबंध होता की नाही, ते मला माहीत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. नव्हता असं म्हणायलाही नाही.

पुढच्या रविवारी मी जळगावला जाऊन तिथून त्या गावाला गेले. वस्तीत आता नळ आला होता. जुनी विहीर बुजवून टाकली होती, तिच्यावर कोणीतरी कडबा रचला होता. अक्काच्या घरी तिची सून होती. लग्न होऊन आली तेव्हा अक्काचा कारखाना केव्हाच सुटलेला होता. भुसावळची, दहावी शिकलेली. मी कोण ते सांगितलं, तसा तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही हिरीचं सांगायला आलेल्या बाई ना? आत्याबाई तुमचं फार सांगायच्या. म्हणायच्या, कारखान्याची एवढी शिकलेली बाई, पण वस्तीत येऊन खरं बोलली. बसा ना. चहा ठेवते."

तिने चहा केला. बशीत बिस्किटं आणली. मी विचारलं, "अक्कांचं काम कसं सुटलं, ते सांगायच्या का कधी?"

"गुडघे दुखायचे म्हणून त्यांनीच सोडलं होतं ना," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. वाटलं, उठावं आणि निघावं. तिच्याकडे माझं जे नाव राहिलं होतं ते चांगलं होतं, आणि ते तसंच ठेवून जाणं मला शक्य होतं. पण मग मी तिला सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, शेड, साहेबांनी विचारलेला प्रश्न, माझं उत्तर, त्या दोन ओळी. नानांनी मागितलेला आणि मी न दिलेला कागदही. काही लपवलं नाही, आणि रडलेही नाही.

ती ऐकत होती. मधे तिचं मूल रांगत आलं, ते तिने मांडीवर घेतलं. माझं संपल्यावर तिने मुलाच्या अंगावरचं झबलं नीट केलं.

"आत्याबाई कधीच बोलल्या नाहीत हे," ती म्हणाली.

मग तिने माझ्यासमोरचा कप उचलला. त्यात चहा अर्धा शिल्लक होता. बिस्किटांची बशीही उचलली आणि आत घेऊन गेली. आतून भांडी ठेवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा दारातच उभी राहिली, मूल कडेवर घेऊन.

"साडेतीनची बस फाट्यावर थांबते," ती म्हणाली. "त्यानंतर लवकर मिळत नाही."

मी उठले. तिने मला दारापर्यंत सोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. फाटा अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. डोक्यावर ऊन होतं. वाटेत हंडे घेऊन जाणाऱ्या बायका कोणी नव्हत्या. पाणी आता घराघरात आलं होतं.